धाकट्या पातीची बाटली

शिराळ्यातल्या एका परवान्याच्या दारू दुकानात मध्यंतरी एका माणसाची वाट बघत थांबावं लागलं. काउंटरला लोखंडी जाळी, जाळीत हात जाईल एवढी खिडकी. दिवेलागणीची वेळ. गिऱ्हाईक यायचं, खिडकीतून नोटा सरकवायचं, नाव घ्यायचं. दुकानदाराचा हात मागं न बघताच नेमक्या त्या क्वार्टरवर जायचा. तासाभरात फार तर सहा-सात नावं माझ्या कानांवर आली असतील. पाठीमागच्या फळ्यांवर मात्र साठ-सत्तर तरी नावं उभी होती.

सगळ्यात खालच्या फळीच्या कोपऱ्यात एका व्हिस्कीच्या दोन बाटल्या होत्या. बुचापासून खांद्यापर्यंत धूळ. वरच्या तीन फळ्या भरून ज्या नावाच्या बाटल्या होत्या, त्याचीच कंपनी हिच्याही लेबलावर. मी विचारलं तेव्हा दुकानदार म्हणाला, "ही मागणारा एकच म्हातारा आहे. पेन्शन झाली की येतो. त्याच्यासाठी ठेवतो." आणि मग म्हणाला, "कंपनीचा माणूस दर आठवड्याला येतो, पण हिचं नावच काढत नाही. त्याच्या वहीत हिला रकानाच नाही."

हे वाक्य तेव्हापासून डोक्यातून जात नाही. ज्याची वस्तू आहे त्याच्याच वहीत तिला रकाना नाही, असं का व्हावं?

दारू वाईट की बरी हा वाद मी इथं काढत नाही. गावोगावच्या बायकांनी मतदान करून बाटली आडवी केली, तेव्हा मी मनानं त्यांच्याच बाजूला होतो आणि आजही आहे. पण जी वस्तू कायद्यानं तयार होते, सरकारी तिजोरीत कर भरते, आणि जिच्यात आमच्या खोऱ्यातल्या उसाची मळी किंवा कुणाच्या तरी रानातला मका, तांदूळ असतो, तिचा व्यवहार कसा चालतो हे शेतकऱ्यानं आणि गिऱ्हाइकानं समजून घेतलं पाहिजे. आपल्या भागात उद्या जे काही तयार होईल, मग ती दारू असो, काकवी असो की भाताचा ब्रँड, त्याच्या नशिबात याच वहीतला रकाना असणार आहे.

धूळ खाणारी बाटली बघितली की आपण दोनच गोष्टी धरून चालतो. माल बरा नसेल, नाहीतर कंपनी तिला विसरली असेल. बहुतेक वेळा दोन्ही खोटं असतं. कंपनी काही विसरत नाही. तिनं हिशोब करून ठरवलेलं असतं.

हिशोब असा. दारूचा कारभार राज्याराज्यांचा वेगळा. प्रत्येक राज्यात लेबलाची नोंद वेगळी, शुल्क वेगळं, मंजुरी वेगळी, उत्पादन शुल्काचा दर वेगळा. वर्षाला लाख पेट्या खपणाऱ्या नावासाठी जेवढे कागद फिरवावे लागतात, जवळजवळ तेवढेच पाचशे पेट्यांच्या नावासाठीही. बाटलीचा साचा, बूच, लेबलाची छपाई, गोदामातली जागा, सगळ्याला खर्च आहे, आणि तो पाचशे पेट्यांवर वाटला की अंगावर येतो. कंपनीच्या माणसाला दिवसाला दहा-पंधरा दुकानं करायची असतात. दुकानदार त्याच्याशी पाच मिनिटं बोलतो. त्या पाच मिनिटांत तो कुठलं नाव घेईल? ज्याचं टार्गेट आहे तेच. टार्गेट त्याच नावाचं असतं, ज्याच्या एका पेटीमागं कंपनीला जास्त सुटतं. कुणी दुष्ट आहे म्हणून हे घडत नाही. पण यात एक नाव हळूहळू मरतं हेही तितकंच खरं.

आपल्या देशात तर आणखी एक गोष्ट आहे. इथं दारूची जाहिरात करता येत नाही. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यात, म्हणजे आताच्या महाराष्ट्र दारूबंदी कायद्यात, त्यावर बंदी आहे, आणि केबल टीव्हीच्या १९९४ च्या नियमांनी पडद्यावरही ती आणली. मग कंपन्यांनी सोडा काढला, पाण्याच्या बाटल्या काढल्या, गाण्यांच्या सीडी काढल्या आणि त्यांच्या जाहिराती दारूच्या नावानं केल्या. या आडवाटेच्या जाहिरातीबद्दल माझं मत चांगलं नाही. पण ही आडवाट फक्त थोरल्या नावाला परवडते. ज्याचा खप मुळातच थोडा, त्याच्या नावाचा सोडा कोण काढणार? म्हणजे आपल्याकडं लहान नावाला बोलायला तोंड एकच, ते म्हणजे दुकानाची फळी. आणि फळीवर कोण कुठं बसणार हे त्या पाच मिनिटांत ठरतं.

आमच्याकडं भावकीत थोरली पाती, धाकटी पाती असते. जमीन एकाच मूळ पुरुषाची. पण विहिरीवरची मोटार थोरल्या पातीच्या रानाकडं असेल, तर धाकट्या पातीच्या शेवटच्या वाफ्याला पाणी पोचता पोचत नाही. मग लोक म्हणतात, धाकट्याचं रानच हलकं. रान हलकं नसतं. पाणी पोचलेलं नसतं.

हेच मोठ्या प्रमाणावर बघायचं तर स्कॉटलंडकडं बघावं. डियाजिओ या कंपनीकडं तिथं माल्ट व्हिस्कीच्या तिसाच्या आसपास भट्ट्या आहेत. आपल्या वाचकाला त्यातल्या फार तर दोन-तीन नावांची ओळख असेल. लिंकवूड, इंचगॉवर, मॅनॉकमोर, टीनिनिख ही नावं जाणकार सोडले तर कुणी ऐकलेलीही नसतात. या भट्ट्यांचा बहुतेक माल जॉनी वॉकरसारख्या मिश्र व्हिस्कीत जातो. जॉनी वॉकरच्या वर्षाला कोट्यवधी बाटल्या जगभर जातात. एवढं मोठं तोंड भरायचं तर या भट्ट्यांचं पिंप न् पिंप लागतं. १९८८ साली कंपनीच्या पूर्वसुरींनी त्यांतली सहा नावं निवडली, लागाव्हुलिन, टालिस्कर, ओबान, डालविनी, क्रॅगनमोर आणि ग्लेनकिंची, आणि त्यांनाच पुढं केलं. बाकीच्या कित्येकांच्या वाट्याला फुलं-पक्षी छापलेलं एक लेबल आणि थोड्या बाटल्या आल्या.

यात एक अडचण खरीच आहे, ती कंपनीच्या बाजूनं सांगितली पाहिजे. व्हिस्की म्हणजे शेवयांचं मशीन नव्हे, की मागणी आली म्हणून रात्रपाळी लावली. बारा वर्षांची व्हिस्की आज विकायची तर ती बारा वर्षांपूर्वी पिंपात भरलेली असावी लागते. लहान नावाची जाहिरात केली आणि मागणी दुप्पट झाली तर माल आणायचा कुठून? तो थोरल्या नावाच्या तोंडचा काढावा लागतो. म्हणून कंपनी गप्प बसते. जे पुरवता येणार नाही त्याची हाळी ती देत नाही. माझ्या मते धाकट्या नावांच्या दुर्लक्षामागचं हे एकच कारण असं आहे, की ज्याला आपण प्रामाणिक म्हणू शकतो.

बाकीची कारणं पैशाची आहेत. आयर्लंडमध्ये पर्नोड रिकार्ड या कंपनीनं सगळं वजन जेमसन या व्हिस्कीच्या पाठीशी टाकलं आणि पॅडी नावाची जुनी व्हिस्की २०१६ साली सॅझरॅक या अमेरिकी कंपनीला विकून टाकली. अमेरिकेत ओल्ड क्रो हे एकेकाळी बोर्बन व्हिस्कीमधलं बडं नाव. १९८७ मध्ये ते जिम बीमच्या मालकांकडं गेलं. घरात आधीच जिम बीम होती. ओल्ड क्रो तळाच्या फळीवर जाऊन बसली. एका घरात दोन थोरल्या नांदत नाहीत.

आता आपल्या घरचं. बॅगपायपर हे नाव माहीत नाही असा चाळिशीपुढचा माणूस आपल्या भागात सापडणार नाही, पिणारा असो वा नसो. मुंबईच्या हर्बर्टसन्स कंपनीनं १९७६ मध्ये ती आणली. मोठमोठे सिनेनट तिच्या नावासाठी उभे राहिले. व्हिस्कीच्या जागतिक खपात तिचं नाव एके काळी अगदी वरच्या ओळीत होतं. पुढं हर्बर्टसन्स युनायटेड स्पिरिट्समध्ये गेली, आणि युनायटेड स्पिरिट्स २०१३-१४ मध्ये डियाजिओच्या ताब्यात आली. नव्या मालकाच्या हिशोबात दोन कप्पे होते, एक वरच्या किमतीचा आणि एक सर्वसामान्य गिऱ्हाइकाचा. सगळं लक्ष वरच्या कप्प्याकडं. २०२२ मध्ये हेवर्ड्‌स, ओल्ड टॅव्हर्न, हनी बी, ग्रीन लेबल, रोमानोव अशी खालच्या कप्प्यातली ३२ नावं कंपनीनं इनब्रू नावाच्या कंपनीला एकगठ्ठा विकली. सुमारे ८२८ कोटी रुपयांना. बॅगपायपरसह आणखी ११ नावं पाच वर्षांसाठी चालवायला दिली. ३२ आणि ११, म्हणजे एका सौद्यात ४३ नावं दुसऱ्याच्या गोठ्यात. बत्तीस गावांवरून ज्या शिराळ्याला बत्तीस शिराळा म्हणतात, तिथल्या माणसाला बत्तीस हा आकडा ऐकला की गावं डोळ्यांपुढं येतात, प्रत्येकाचा देव, प्रत्येकाची जत्रा वेगळी. त्या बत्तीस नावांमागंही कुठं ना कुठं बाटल्या भरणारी माणसं होती, वर्षानुवर्षं तीच चव मागणारी गिऱ्हाइकं होती. सौद्याच्या कागदावर ती सगळी एका ओळीत आली.

आणि २०२५ च्या जुलैमध्ये जो सौदा जाहीर झाला त्यानं तर माझी समजूतच बदलली. पर्नोड रिकार्डनं इम्पीरियल ब्लू ही व्हिस्की विकायला काढली. ही काही लहान बाटली नव्हे. १९९७ पासूनची, वर्षाला दोन कोटींहून जास्त पेट्यांचा खप, देशात खपाच्या यादीत पहिल्या तिनात. तिची आडवाटेची जाहिरात तर घराघरात पोचलेली. एवढं सगळं असून मालकाच्या घरी ती धाकटी ठरली, कारण एका पेटीमागं सुटणारा पैसा कमी. कंपनीनं उघड सांगितलं, आम्हाला वरच्या किमतीच्या नावांकडं लक्ष द्यायचंय. म्हणजे लहान-मोठेपण बाटलीत नसतंच. ते मालकाच्या घरात असतं.

घेतली कुणी? आपल्या श्रीरामपूर तालुक्यातल्या टिळकनगरच्या कंपनीनं. सुमारे ४,१५० कोटी रुपये मोजून. १९३३ मध्ये महादेव डहाणूकरांनी महाराष्ट्र शुगर मिल्स या नावानं सुरू केलेला हा साखरेचा कारखाना. आधी साखर, मग मद्यार्क, मग ब्रँडी असा त्याचा प्रवास. मॅन्शन हाउस या ब्रँडीच्या नावावर त्यांचं घर चालत आलेलं. त्या एका नावासाठी त्यांनी वर्षानुवर्षं कोर्टकचेऱ्या केल्या. एकच नाव असलं की माणूस त्यासाठी शेवटपर्यंत भांडतो. ज्याच्याकडं चाळीस नावं आहेत तो त्यातल्या एखाद्यासाठी एवढं भांडत नाही. इम्पीरियल ब्लू परक्या वाड्यातली धाकटी होती. टिळकनगरला ती थोरली म्हणून आली आहे. माझ्या लेखी हा सौदा नुसता पैशाचा नाही.

लहान आहे म्हणून प्रत्येक नाव दुर्लक्षितच राहतं असंही नाही. बंगळुरूच्या जॉन डिस्टिलरीजचा मोठा खप ओरिजिनल चॉइस या स्वस्त व्हिस्कीवर. पण गोव्यातल्या त्यांच्या भट्टीतली पॉल जॉन ही सिंगल माल्ट त्यांनी २०१२ मध्ये थेट लंडनमध्ये नेऊन मांडली. पेट्या थोड्या, पण किंमत मोठी. आणि बाटलीवर मालकाचं स्वतःचं नाव. स्वतःचं नाव कुणी खालच्या फळीवर ठेवत नाही.

मग एक प्रश्न उरतो. वहीत रकाना नाही, फळीवर जागा नाही, तर कंपनी ते नाव सोडून का देत नाही? त्या म्हाताऱ्यासाठीच्या दोन बाटल्या तरी कशाला काढते?

याचं उत्तर १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्यात आहे. नोंदवलेलं नाव मालकानं सलग पाच वर्षं आणि वर तीन महिने वापरलंच नाही, तर ज्याचं त्यामुळं अडतं असा दुसरा कुणी अर्ज करून ते नोंदीतून काढून टाकायची मागणी करू शकतो. कलम ४७. याचा अर्थ उलटा वाचा. थोडा थोडा माल कुठल्या तरी एखाद्या राज्यात चालू ठेवला की नाव हातात राहतं. धाकट्याच्या रानात पेरायचं नाही, पण दुसऱ्यालाही कसायला द्यायचं नाही, वर्षाला एक पाळी घालायची म्हणजे सातबारा शाबूत. फळीवरच्या त्या धुळीच्या बाटलीचं काम कदाचित एवढंच होतं. गिऱ्हाइकाची तहान भागवणं हे नव्हे, दुसऱ्याला आत येऊ न देणं हे.

ज्यांनी लहानपणी नागपंचमीच्या जत्रेत गोल्ड स्पॉट प्यालेलं आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. बर्फाच्या पेटीतून काढलेली ओली बाटली, बूच उडाल्यावर येणारा संत्र्याचा वास, आणि ती दोघा भावांत अर्धी-अर्धी. १९९३ मध्ये पार्लेच्या रमेश चौहानांनी थम्स अप, लिम्का, माझा, सिट्रा आणि गोल्ड स्पॉट ही नावं कोका-कोलाला विकली. कोका-कोलाच्या घरात संत्र्याची फँटा आधीच होती. गोल्ड स्पॉट गेलं. थम्स अप तगलं, कारण लोकांनी ते सोडलंच नाही. लोकांच्या जिभेनं एखादं नाव वाचतं ते असं, पण दर वेळी जिभेवर भरवसा ठेवता येत नाही.

हे आत्ताच लिहावंसं वाटलं त्याला कारण आहे. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं दारूवरचे कर वाढवले आणि त्याबरोबर ‘महाराष्ट्र मेड लिकर’ असा एक नवा प्रकार आणला. धान्यापासून बनवायची, फक्त महाराष्ट्रातल्या स्थानिक उत्पादकांनी बनवायची, आणि नव्या ब्रँडची नोंद करून बनवायची. १८० मिलीच्या बाटलीची किमान किंमत देशीला ८० रुपये, या नव्या प्रकाराला १४८, आणि भारतीय बनावटीच्या विदेशी मद्याला २०५. १४८ आणि २०५ यांच्यामधले ५७ रुपये हीच त्या नव्या नावांची जाहिरात. शेतावरून येणारा माणूस खिडकीतून नोटा सरकवताना हा फरक मोजतोच. सरकारनं फळीवर मधोमध एक जागा मोकळी करून दिली आहे, असं म्हटलं तरी चालेल. पिणाऱ्याच्या प्रकृतीचं आणि संसाराचं काय, हा प्रश्न सरकारनं स्वतःला विचारला पाहिजे, आणि तो मी वेगळा विचारीनच. पण जागा मोकळी झाली आहे, आणि त्या जागेवर नवी मराठी नावं येणार आहेत.

या दारूला धान्य लागणार. मका लागेल, तांदळाची कणी लागेल. कोकरूड, आरळा, चरणपासून चांदोलीपर्यंतचा आमचा पश्चिम भाग भाताचा. आजवर या खोऱ्यातल्या उसाच्या मळीचं पुढं काय झालं, कुठल्या बाटलीत ती गेली, त्या बाटलीवर कुणाचं नाव होतं, हे ऊस पिकवणाऱ्यानं कधी विचारलं नाही. धान्याच्या बाबतीत तरी ते विचारलं जावं. आणि नुसत्या दारूच्या बाबतीत नाही. इथल्या एखाद्या बचत गटाचा हातसडीचा तांदूळ असेल, कुणा तरुणाची काकवी असेल, पहिल्यांदा जरा नाव झालं की एक दिवस मोठ्या कंपनीचा माणूस दारात गाडी उभी करणार आहे. तो चांगलं बोलेल. रक्कमही चांगली असेल. घर बांधून होईल, पोरांचं शिक्षण होईल. विकू नका असं मी कुणाला म्हणणार नाही, ज्याची गरज त्याला ठाऊक.

पण सही करायच्या आधी त्या कागदात एक कलम घालून घ्या. वर्षाला किमान इतका माल विकला पाहिजे, आणि लागोपाठ दोन वर्षं विक्री त्या आकड्याखाली गेली तर नाव ज्याचं त्याला परत. विकण्याऐवजी ठरावीक मुदतीसाठी चालवायला देता आलं तर त्याहून बरं. बॅगपायपर पाच वर्षांसाठीच चालवायला दिली गेली, हे लक्षात ठेवा. नाव हातात ठेवायचं कसं ते मोठ्या कंपन्यांना कळतं, मग आपल्याला का कळू नये? कलम मराठीत लिहून घ्या, आकडा अंकात आणि अक्षरात दोन्ही लिहून घ्या, आणि तालुक्याच्या ठिकाणी चांगला वकील बघून त्याच्याकडून वाचून घ्या. कंपनीचा माणूस म्हणेल, असं कलम आमच्याकडं नसतं. म्हणू दे. तुमच्याकडं आहे म्हणून सांगा.